समोरचे अडुसष्ट अंश

आमच्या कारखान्यात शाळेच्या कंपासपेट्या तयार होतात. तपासणी खात्यात आम्ही चौघं आहोत: पट्टीवाले, गुण्याताई, कर्कटकबाई आणि मी, कोनमापक. आमची खरी नावं पगारपत्रकावर आहेत आणि तिथे ती सुखरूप आहेत.

मी सव्वीस वर्षं कोनमापक तपासतोय. दिवसाला सातशे. एकेक उचलायचा, उजेडाकडे धरायचा, शून्य बघायचं, नव्वद बघायचे, एकशे ऐंशी बघायचे, मधलं भोक जागेवर आहे की नाही ते बघायचं. बरोबर असेल तर डावी टोपली, चूक असेल तर उजवी. आजवर निदान चाळीस-पन्नास लाख मुलांनी माझ्या भरवशावर कोन मोजले असतील. त्यांतल्या एकानंही कधी पत्र पाठवलं नाही. वस्तू बरोबर निघाली म्हणून कोणी पत्र पाठवत नाही, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

चुकलेल्या मालातला आवडलेला एखादा नमुना मी खणात ठेवतो. एकावर सत्तर दोनदा छापलेत. एकावर एकशे तीस नाहीतच, एकशे वीसवरून गाडी थेट एकशे चाळीसवर. एकाचा ठसा बावीस अंशांनी सरकलाय, त्यामुळे तो अडुसष्ट अंशांच्या कोनाला नव्वद म्हणतो, आणि तेही इतक्या ठामपणे की तो साहेबच व्हायचा, चुकून कोनमापक झाला.

घरी मी एकटा असतो. बायको मुलाकडे गेली आहे. नात झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. भांडण वगैरे काही नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. दर रविवारी तिचा फोन येतो.

"जेवलात का?"

"जेवलो."

"गॅस बंद केलात?"

"केला."

मग ती फोन नातीकडे देते. नात फोनमध्ये श्वास घेते. मीही थोडा घेतो. मग फोन संपतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे कारखान्यातल्या दोन फळ्या.

तपासणी खात्याचा हॉल एकच आहे. त्याचे चार भाग करायला कोणे एके काळी दोन लांब, डोक्याच्या वर जाणाऱ्या फळ्यांच्या भिंती एकमेकींना छेदून उभ्या केल्या. वरून बघितलं तर फुलीसारख्या दिसतील. प्रत्येक भागात एक टेबल, एक खुर्ची, एक माणूस. फुली खरं तर अधिकच्या चिन्हासारखी सरळ यायची होती, पण त्या वेळी हॉलमध्ये एक जुनं यंत्र उभं होतं. यंत्र हलवणं कठीण म्हणून फळी हलवली. पुढे यंत्र भंगारात गेलं, फळी तिरकी ती तिरकीच राहिली. त्यामुळे दोघांच्या वाट्याला ऐसपैस कोन आले आणि दोघांच्या वाट्याला निमुळते. पट्टीवाले आणि गुण्याताई ऐसपैस होते. पट्टीवाले मोठ्या साहेबांचे मेहुणे, त्यांचं समजू शकतो. गुण्याताई कोणाच्या कोणीच नव्हत्या, नुसत्या माझ्याआधी आल्या होत्या. मी निमुळत्यात होतो. टेबल आत सरकवलं की दोन्ही गुडघे दोन्ही फळ्यांना लागायचे. सव्वीस वर्षांत फळ्यांवरचा रंग दोन ठिकाणी गुळगुळीत झाला आणि गुडघ्यांचं काय झालं ते डॉक्टरला माहीत.

गेल्या वर्षी मी अर्ज केला. 'माझा कोन इतरांपेक्षा लहान असून गुडघे फळीस लागतात. तरी काटकोन करून मिळावा.'

तीन महिन्यांनी उत्तर आलं. 'कोनाचे माप जोडावे. माप अर्जदाराने स्वतः घेतलेले नसावे.'

हा आमच्याकडचा चौथा नियम आहे: आपला माल आपण तपासायचा नाही. छापणाऱ्यानं छापायचं, तपासणाऱ्यानं तपासायचं. सव्वीस वर्षांत पन्नास लाख कोनमापक पास करणाऱ्या माणसाला स्वतः बसतो तो कोन मोजता येईना. त्यात पाचवा नियम असा की तपासणाऱ्यानं दुसऱ्याच्या भागात पाऊल टाकायचं नाही, मालाची सरमिसळ होते. एकदा गुण्याताईंचा एक गुण्या माझ्या टोपलीत सापडला होता, त्यावर तीन बैठका झाल्या.

मी पट्टीवाल्यांच्या बाजूच्या फळीवर टकटक केली आणि मोठ्यानं अडचण सांगितली.

"वा हो कोनमापक!" पलीकडून आवाज आला. "तुमचा कोन वाढला तर तो येणार कुठून? माझ्यातूनच ना? म्हणजे माप मीच घ्यायचं आणि कापलंही मीच जायचं. उद्या म्हणाल, पट्टीवाले, जरा मानेचंही माप द्या."

त्यांचं चूक नव्हतं. शेजारच्या दोन कोनांची बेरीज ठरलेली असते, एकानं खाल्लं की दुसऱ्याचं कमी होतं. मी दुसऱ्या फळीवर टकटक केली.

गुण्याताई म्हणाल्या, "मला तीस, पंचेचाळीस, साठ आणि नव्वद एवढेच मोजता येतात. यातला आहे का तुमचा?"

"नसावा."

"मग नाही बाई जमणार."

उरल्या कर्कटकबाई.

त्या येऊन आठ महिने झाले होते आणि मी त्यांना एकदाही बघितलं नव्हतं. त्या अंगणाकडच्या दारानं यायच्या, मी गोदामाकडच्या. त्यांचा भाग माझ्या बरोब्बर समोर, फुलीच्या पलीकडे. त्यांची माझी एकही फळी सामाईक नाही. सामाईक होता तो फक्त मधला बिंदू, जिथे फळ्या एकमेकींना भेटतात. आवाजावरून मात्र माहीत होत्या. शिंकायच्या त्या तीन वेळा. प्रत्येक कर्कटकात पेन्सिल अडकवून कागदावर एक वर्तुळ काढायच्या, आणि रेघ जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळाली तर कर्कटक पास. नाही मिळाली की एक सुस्कारा. दिवसाचे साधारण तीस सुस्कारे व्हायचे. नंतर कळलं की त्यांतले सगळेच कर्कटकांसाठी नव्हते.

फळ्या मध्ये घट्ट मिळाल्यात असं लांबून वाटायचं. प्रत्यक्षात तिथे बोटभर फट होती. पट्टीवाल्यांनी त्यांच्या बाजूनं कपाट लावलं होतं, गुण्याताईंनी झाडाची कुंडी. आमच्या दोघांच्या बाजू उघड्या होत्या. मी एका चिठ्ठीवर सगळी हकिगत लिहिली, डाव्या टोपलीतला एक पास झालेला कोनमापक घेतला, आणि दोन्ही उभे धरून फटीतून पलीकडे सरकवले.

बराच वेळ काही नाही. मग फटीतून चिठ्ठी परत आली. 'एकशे बारा.'

मी चक्रावलो. फटीला तोंड लावून हळूच म्हटलं, "बाई, तुमचा कोपरा कागदाच्या कोपऱ्यापेक्षा रुंद आहे की अरुंद?"

"अरुंद." आवाज जवळून आला, एकदम कानात. "कागद धरला तर दोन्हीकडून दुमडतो."

"मग एकशे बारा कसा असेल? काटकोनापेक्षा अरुंद म्हणजे नव्वदच्या आत."

"कोनमापकावर लिहिलंय एकशे बारा. तुम्हीच पास केलाय ना?"

हे मात्र लागलं. "त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. बाहेरची आणि आतली. तुमची फळी जिथे शून्यावर आहे तीच ओळ धरून पुढे जायचं. तुम्ही आतल्या शून्यावर बसलात आणि बाहेरच्या गाडीत चढलात."

पलीकडे कोनमापक फळीवर घासल्याचा आवाज. मग, "अडुसष्ट."

"बरोबर."

"शाळेत याच पायी मार खाल्ला होता मी. दोन ओळी असतात हे कोणी सांगितलंच नाही. सगळे म्हणायचे, नीट बघ." एक सुस्कारा. "पण अहो, हा माझा कोन झाला. तुमचा तुम्ही मोजलेला चालत नाही, मग माझा मी मोजलेला तुमच्या काय कामाचा?"

"समोरासमोरचे कोन सारखेच असतात."

"कोण म्हणतं?"

सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कोन सारखे असतात हे मला माहीत होतं, जसं आपलं घर कुठे आहे हे माहीत असतं. पत्ता सांगायची वेळ आली नव्हती.

"हे बघा," मी म्हटलं, "माझ्या डावीकडे पट्टीवाले आहेत. आमच्या दोघांच्या मधली फळी घटकाभर विसरा. काय उरतं? एक सलग सरळ फळी, आणि तिच्या एका अंगाला आम्ही दोघं. सरळ फळी म्हणजे एकशे ऐंशी. म्हणजे मी अधिक पट्टीवाले, एकशे ऐंशी."

"बरं."

"आता तुमच्या उजवीकडे कोण?"

"पट्टीवालेच. दिवसभर खुर्ची करकरवतात."

"तुमच्या आणि त्यांच्या मधली फळी विसरा. उरते ती दुसरी सलग फळी. म्हणजे तुम्ही अधिक पट्टीवाले, तेही एकशे ऐंशी. दोन्हीकडे पट्टीवाले तेच. एकशे ऐंशीतून पट्टीवाले काढले की मी उरतो. एकशे ऐंशीतून पट्टीवाले काढले की तुम्ही उरता."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला. त्या आकृती काढत असाव्यात. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघं पट्टीवाल्यांतून उरलेले."

"हो. असं म्हणता येईल."

"आमच्या घरीही अस्संच आहे," त्या म्हणाल्या. "भावाकडे राहते मी. भावाचं लग्न झालं, माझी खोली अर्धी झाली. त्यांना मुलं झाली, पाव झाली. सगळ्यांना जागा देऊन जी उरेल तिच्यात मी. घर काही वाढत नाही ना."

"आणि तुमच्या समोर कोण?"

"वहिनीची आई. तिलाही तेवढीच जागा, पलीकडच्या टोकाला. आम्ही बोलत नाही, पण एका वेळी खोकतो." मग जरा थांबून, "तुमचा कोन वाढला तर माझं काय होईल हो, भाऊ?" आणि लगेच, "नको, भाऊ नको. एक आहे तेवढा पुरे. कोनमापकच म्हणते."

"माझा वाढला की तुमचाही आपोआप वाढेल. तेवढाच."

"मी अर्ज न करता?"

"हो."

"जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी अर्जात माझं काम होतंय," त्या म्हणाल्या आणि तीनदा शिंकल्या.

मी माप जोडून अर्ज पाठवून दिला आणि खरं सांगायचं तर विसरून गेलो. कारण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फटीतून एक बिस्कीट आलं. उभं.

त्यानंतर चार महिने रोज अकराच्या चहाला काहीतरी येत-जात राहिलं. फटीतून चपट्या वस्तूच जायच्या, त्यामुळे आमचा सगळा व्यवहार चपटा होता. बिस्किटं, वर्तमानपत्रातलं अर्धवट सुटलेलं शब्दकोडं, डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी, नातीचा फोटो. तो बघून त्यांनी परत सरकवला आणि म्हणाल्या, "कान तुमचे आहेत." माझे कान त्यांना कसे माहीत, असं विचारल्यावर म्हणाल्या, "फटीला लावता तो एक माहीत आहे. दुसरा तसाच असणार, नाही का?"

मी त्यांना बोटभर रुंदीतच बघितलं. एका दिवशी राखाडी बाही, एका दिवशी चष्म्याची काडी. ते तुकडे जुळवून अख्खं माणूस करावं असं कधी वाटलं नाही. मिळत होतं ते पुरत होतं. न जुळलेली वर्तुळं त्या मला द्यायच्या. मी कोनमापक लावून सांगायचो, किती अंश कमी पडले. "तीनशे सत्तावन्न. तीन अंशांनी गाडी चुकली." त्या हसायच्या. मी ते कागद टेबलावरच्या काचेखाली ठेवत गेलो. घरी जाताना आज काय झालं हे कोणाला तरी सांगावंसं वाटायला लागलं आणि सांगायला कोणी नाही हे पहिल्यांदाच जाणवलं. त्याआधी सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून निभावलं होतं.

रविवारी बायकोला म्हटलं, "ऑफिसात एक बाई आहेत. विरुद्ध कोनात बसतात."

ती म्हणाली, "विरुद्ध कशाला? मिळून मिसळून वागा. गॅस बंद केलात?"

आणि मग मंजुरीचं पत्र आलं.

'अर्जदाराचा अर्ज मान्य. सोमवारी दोन्ही फळ्या नव्वद अंशांत उभ्या करण्यात येतील. मधोमध लोखंडी खांब बसवून सर्व फटी कायमच्या बंद करण्यात येतील. तत्पूर्वी शुक्रवारी व्यवस्थापक समक्ष फेरमाप घेतील.'

मी ते पत्र चार वेळा वाचलं. सव्वीस वर्षांत माझा मान्य झालेला हा पहिला अर्ज.

दुपारी कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, "अर्ज मागे घ्यायचाय? त्याचा वेगळा अर्ज आहे." त्यानं कागद दिला. वर नाव, खाली सही, मध्ये एकच रकाना: कारण. मी पेन धरून बसलो. 'गुडघे बरे आहेत' असं लिहिलं, तर तो म्हणाला, डॉक्टरचा दाखला लागेल. खरं कारण लिहायला रकाना पुरेसा होता, एका ओळीचं तर होतं. पण मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाणाऱ्या कागदावर 'फट' असं लिहून खाली सही करायची हिंमत चोपन्नाव्या वर्षी होत नाही. कोरा कागद परत दिला.

बाईंना सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण फटीशी गेलो तर पलीकडून उत्साहाचा आवाज आला. "कळलं का? मंजूर झाला! पट्टीवाले सकाळपासून स्वतःशीच बोलतायत. सोमवारपासून तुमचे गुडघे मोकळे."

"हो," मी म्हटलं.

"आनंद नाही झाला तुम्हाला?"

"झाला."

"तुमच्या 'झाला'चं माप घ्यायला हवं," त्या म्हणाल्या. आणि एक बिस्कीट आलं.

शुक्रवारी व्यवस्थापक आले, बरोबर एक सुतार. व्यवस्थापक घाईत होते. ते नेहमी घाईत असतात, कारण थांबले तर लोक प्रश्न विचारतात.

"हं, कोनमापक, तुम्हीच लावा. मी बघतो. समक्ष आहे म्हणजे नियमात बसतं."

मी खण उघडला. डाव्या टोपलीत सहाशे बरोबर कोनमापक होते. मी खणातला सरकलेल्या ठशाचा उचलला. भोक कोपऱ्यावर ठेवलं, कड फळीला लावली. शून्याच्या जागी बावीस दिसत होते, त्यावर अंगठा ठेवला. हात कापत नव्हता. खोटं काम करताना हात कापतो म्हणतात, पण सवयीच्या हाताला खरं-खोटं कळत नसावं.

"नव्वद," मी म्हणालो.

व्यवस्थापकांनी वाकून बघितलं. "नव्वदच दिसतायत की! मग अर्ज कशाला केलात?"

"समजुतीचा घोटाळा."

"छान. म्हणजे काही करायलाच नको." त्यांचा चेहरा खरोखर उजळला. न करायचं काम मिळालं की सगळेच साहेब असे दिसतात. सुतारानं पिशवी उचलली. पलीकडे पट्टीवाल्यांनी मोठ्यानं "वाहवा" म्हटलं. मी अंगठा अजून तसाच धरून उभा होतो. आणि तेवढ्यात फटीतून आवाज आला.

"साहेब, इकडून अडुसष्ट आहे."

"कोण ते?"

"मी कर्कटक. माझा कोन अडुसष्ट आहे. मी आत्ता परत मोजला. आणि समोरासमोरचे कोन सारखेच असतात साहेब. माझ्यात पट्टीवाले मिळवले की एकशे ऐंशी, त्यांच्यात मिळवले की एकशे ऐंशी. त्यांचे नव्वद असतील तर माझेही नव्वद हवेत. नाहीयेत. म्हणजे त्यांचेही अडुसष्टच." आवाज जरासा घाबरलेला होता पण थांबला नाही. "त्यांचे गुडघे फार दुखतात हो. स्वतःसाठी मागायचा संकोच वाटत असेल त्यांना. तुम्ही करून टाका काम."

इतकी चोख सिद्धता मलाही जमली नसती.

व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघितलं. "दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. कोणाचं चूक?"

सहाशे बरोबर कोनमापक टोपलीत होते. मी अंगठा काढला. बावीस दिसले.

"माझा," मी म्हणालो. "मी वापरलेला कोनमापक सदोष आहे."

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय," व्यवस्थापक म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. सुतारानं पिशवी खाली ठेवली.

ते गेल्यावर फटीतून कुजबूज आली. "झालं ना काम? बरं झालं मी परत मोजला ते. वेळेवर आतली ओळ धरली. काय हो? बोलत का नाही?"

"उत्तम मोजलात," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

सोमवारी फळ्या हलल्या. सुतारांनी मध्ये चौकोनी लोखंडी खांब उभा केला, चारही बाजूंनी पट्ट्या ठोकल्या, वरून राखाडी रंग दिला. काम सुबक होतं. मी स्वतः कोनमापक लावून बघितला, या वेळी डाव्या टोपलीतला. नव्वद म्हणजे नव्वद. पट्टीवाल्यांचे नव्वद, गुण्याताईंचे नव्वद. गुण्याताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आता मलाही मोजता येईल तुमचा कोन. सांगा हं, लागला तर."

गुडघ्यांना जागा झाली. त्यांना तिचं काय करावं ते कळेना. सवयीनं ते बाहेर जायचे आणि काही लागायचं नाही.

मंगळवारी अकराला चहा आला. मी बिस्कीट काढलं, उभं धरलं, आणि मग खाल्लं. पलीकडून तीन शिंका ऐकू आल्या, पण लांबून, दुसऱ्या इमारतीतून आल्यासारख्या. बुधवारी सुस्कारे मोजायचा प्रयत्न केला. नऊच लागले. बाकीचे रंगाखाली अडकले असावेत. मोठ्यानं हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं, पण ते पट्टीवाल्यांनाही गेलं असतं आणि गुण्याताईंनाही, आणि मग मला सांगावं लागलं असतं की काय काम आहे. काम काही नव्हतंच. चार महिने काहीच काम नव्हतं, तेच तर होतं.

गुरुवारी अकराला मी उठलो.

फळ्या भिंतीपासून हातभर अलीकडे संपतात. तिथून पलीकडे जाता येतं, नियम सोडला तर काही आडवं येत नाही. माझ्या काचेखालचा एक कागद घेतला, तीनशे सत्तावन्न अंशांचं ते वर्तुळ, आणि डावीकडे वळलो. पट्टीवाले पट्टीनं पाठ खाजवत होते.

"अहो, अहो! इकडे कुठे? पाचवा नियम!"

"माहीत आहे," मी म्हणालो आणि त्यांच्या भागातून चालत गेलो. एकूण एकोणीस पावलं झाली. सव्वीस वर्षं मी ज्या हॉलमध्ये बसलो तो इतका लहान आहे, हे मला माहीत नव्हतं.

दुसरी फळी ओलांडून कर्कटकबाईंच्या भागात शिरलो. खुर्ची रिकामी होती.

टेबलावर चहा होता, वाफ येणारा. कर्कटकांची टोपली, वर्तुळांचा गठ्ठा. एका कागदावर आमची फुली काढलेली, चारही कोनांत आकडे, एकशे बारा खोडून अडुसष्ट. फळ्यांवर नवा राखाडी रंग फक्त खांबाजवळ होता, खाली जुनाच होता. टेबलाखाली दोन्ही बाजूंना, माझ्याइतक्याच उंचीवर, रंग गुळगुळीत झाला होता. वर्षभरात माझ्याइतका नाही, पण त्याच रस्त्यानं निघालेला. त्यांचे गुडघे लागतात हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. कोन सारखे आहेत एवढं मी त्यांना सिद्ध करून दिलं होतं. त्यापुढे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी जरा टेकलो. त्यांच्या खुर्चीत. आणि तेव्हा खांबापलीकडून एक आवाज आला.

माझ्या खुर्चीचा डावा पाय कुरकुरतो. सव्वीस वर्षं तो आवाज मीच काढत आलोय, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता. बराच केविलवाणा आवाज आहे. तिथे कोणीतरी बसलं होतं. मग लागोपाठ तीन शिंका आल्या.

त्याही डावीकडेच वळल्या होत्या. त्यांच्या डावीकडे गुण्याताई. मी या अंगानं अर्धा फेरा मारला, त्यांनी त्या अंगानं, आणि दोघंही बरोब्बर एकमेकांच्या जागी येऊन पोचलो.

"कर्कटकबाई," मी खांबाकडे तोंड करून म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणावं लागलं. "तिथेच थांबा. मी येतो."

"नको, नको, तुम्हीच थांबा! मी येते."

"गुडघ्यांना त्रास होईल तुम्हाला."

"आणि तुमच्या गुडघ्यांना काय फुलं लागलीत?"

मधल्या भागातून पट्टीवाले ओरडले, "अहो, दोघांतल्या एकानं बसा आणि एकानं निघा! नाहीतर दिवसभर माझ्या घरातून वरात चालू राहील."

"बरोबर आहे," बाई पलीकडून म्हणाल्या.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

आणि मग दोघंही बसून राहिलो. त्यांचा चहा माझ्यासमोर निवत होता, माझा त्यांच्यासमोर निवत असेल. मी निघावं तर तेवढ्यात त्याही निघायच्या, म्हणून मी हललो नाही. खांबाला कान लावला आणि माझी खुर्ची कुरकुरते का ते ऐकत राहिलो. ती कुरकुरत नव्हती. पलीकडे त्याही कान लावून बसल्या असाव्यात.